बाबूजींच्या टेबलावरचा फ्लोराइट

माझ्या लहान बहिणीच्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये शिरलं की डाव्या हाताला काचेचं शोकेस आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात आमच्या वडिलांचा दगड ठेवलाय. मी तिच्याकडे गेली की चप्पल काढायच्या आधी माझी नजर तिकडे जाते, आणि मग मला जे काही होतं त्याला आपल्यात जळफळाट म्हणतात. त्याला दुसरं गोड नाव द्यायची मला काही हौस नाही. जळते तर जळते बापा, कोणाच्या घरचं तेल मागायला तर जात नाही!

दगड म्हणजे रस्त्यावरचा गोटा नव्हे. फ्लोराइट म्हणतात त्याला. जांभळे, काचेसारखे चौकोनी खडे एकमेकांत घुसलेले, जणू कोणी साखरेचे मोठे खडे जांभळाच्या रसात बुडवून एकावर एक चिकटवले. मुठीत जेमतेम मावेल एवढा. माझे आजोबा मध्यप्रदेशातल्या आमच्या सौंसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत मजुरांची हजेरी लिहीत. खाणीचा गोरा साहेब कायमचा आपल्या देशी निघाला तेव्हा त्यानं घरातलं सामान वाटून टाकलं. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाला कंदील, आणि आजोबांना हा दगड. म्हणे तो साहेबाच्या गावाकडच्या कुठल्याशा शिशाच्या खाणीतला होता आणि साहेबाच्याही आजोबाच्या वेळचा होता. खाली एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर तपकिरी शाईत बारीक तिरपं अक्षर. घरातल्या बायका नंतर कितीतरी वर्षं म्हणायच्या, ‘लोकायले खुर्च्या भेटल्या अन् आमच्या वाट्याले गोटा!’

आजोबांनंतर तो दगड बाबूजींच्या टेबलावर आला. बाबूजी सौंसरच्या शाळेत गणित शिकवत आणि सुटीत आमच्या थोड्याशा संत्र्यांच्या बगिच्याचं पाहत. पोरींना जवळ घेऊन लाड करणारे ते बाप नव्हते. शाळेतही मास्तर आणि घरातही मास्तर. त्यांच्या टेबलाला हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि दगड तर तपासायच्या पेपरांवर बसलेला असे, त्यामुळे त्याला हात लावणं म्हणजे पाठीत धपाटा खाणं. पण एकदा, मी पाचवीत असेन, त्यांनी मला स्वतः हाक मारली. दगड उचलून खिडकीत उन्हात धरला आणि म्हणाले, ‘पाय,’ म्हणजे बघ. टेबलावर जांभळा असलेला दगड उन्हात निळा झाला होता. खरोखर निळा, आतून दिवा लावल्यासारखा. मागे सावलीत घेतला की पुन्हा जांभळा. ‘काहून होते असं?’ मी विचारलं. ‘त्याचा गुण हाये तो,’ म्हणाले. आणि तेवढा वेळ त्यांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. माझ्या आठवणीत तरी तेवढाच एकदा.

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आली. इथल्या शाळेत भूगोल शिकवायला लागली. आमचे हे बिजली ऑफिसात होते. एकदा नागपूरला जुन्या भंगाराच्या बाजारात कुठल्या तरी कॉलेजातून निघालेलं प्रयोगशाळेचं कपाट मी उघडून पाहिलं. आत धुळीत एक हिरवा फ्लोराइट पडला होता आणि त्याच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी. मी तिथंच चिठ्ठी वाचत उभी राहिली. आमचे हे म्हणाले, ‘चाल ना वं, बस निघून जाईल.’ मी म्हटलं, ‘जाऊ द्या बस.’ तो पहिला. यांनी तो आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आणला, कारण हा दगड दिसायला दणकट असला तरी फार नाजूक असतो. टेकवला जोरात की कोपरा सपाट उडालाच म्हणून समजा.

तेव्हापासून मला जुन्या फ्लोराइटचं वेड लागलं. नवे नकोत. नवे तर आता दुकानात चकाचक मिळतात, देवळाबाहेर अंगठीच्या खड्यांशेजारीही मिळतात. मला जुनेच पाहिजे होते, चिठ्ठीवाले. ज्या दगडाची चिठ्ठी गेली त्याची स्थिती बिना खसऱ्याच्या, कागद नसलेल्या जमिनीसारखी होते: जमीन दिसते, पण कोणाची अन् कुठून आली हे कोणी सांगू शकत नाही. बंद पडलेल्या शाळांची कपाटं, वारलेल्या प्रोफेसरांची घरं, फोनवर फोटो टाकून विकणारी माणसं, असं करत करत मी दगड आणत गेली. पिवळे आणले, हिरवे आणले, पाण्यासारखे बिनरंगी आणले. जांभळे तर किती! एक फिका निघाला, एकाचे कोपरे उडालेले होते, एक अगदी बाबूजींच्या दगडासारखा वाटला म्हणून आनंदानं घरी आणून खिडकीत धरला, तर तो जांभळाच राहिला. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. यांनी मुकाट्यानं पोहे करून खाल्ले.

शेवटी यांनी सुताराकडून माझ्यासाठी काचेच्या दारांचं कपाट करून घेतलं. गावात चर्चा व्हायचीच. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरची माणसं एकमेकांवर दगड फेकतात, गोटमार म्हणतात तिला. त्यामुळे शेजारची बाई दर पोळ्याला मला विचारायची, ‘मॅडम, गोटमारीचा स्टॉक करून राहिल्या का?’ मी म्हणायची, ‘हो ना, पयला तुमच्याच खिडकीवर टाकते.’

आता बहिणीबद्दल सांगते. ती माझ्याहून बरीच लहान. गोरी, हसरी, गोड गळ्याची. मी दहा वेळा सौंसरला गेली तर स्टँडवरून पायी घरी जायची. ती आली की बाबूजी काठी घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन उभे राहायचे. तिचा नवरा नागपूरला घरं बांधतो. माणूस वाईट नाही, हे मला मान्य करावं लागतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. वाईट असता तर किती सोपं झालं असतं! मध्यंतरी कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की ऑफिसात स्फटिक ठेवले म्हणजे बरकत येते. झालं. हा माणूस फोनवरून मला विचारायला लागला, ‘ताई, जांभळा फ्लोराइट उत्तरेला ठेवावा का ईशान्येला?’ मी म्हटलं, ‘डोक्यावर ठेवा.’ तो हसला. त्याला माझा राग येतच नाही, हाही एक वैताग.

मागच्या खेपेला धोंड्याचा महिना आला तेव्हा आई धरूनच बसली की दोन्ही जावयांना एकत्र बोलवायचं. बाबूजींची तब्येत आता पहिल्यासारखी राहिली नाही, पुढचा अधिक महिना कोणी पाहिला, असं ती म्हणाली. जावयाला जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, वर त्याच्या आवडीची एखादी वस्तू. तिनं फोनवर सांगितलं, ‘तुये बाबूजी म्हणते, बाजारातून काही आणत नाही. घरातली जे वस्तू जवाई मागतीन ते देतो. इचारून ठेव तुह्या मालकाले.’

मी फोन ठेवला आणि मनातच हिशोब करायला लागली. घरात मागण्यासारखं होतं तरी काय? पितळेचा एक हंडा, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि तो.

आमच्याकडे मुलीनं माहेरची वस्तू मागणं बरं दिसत नाही. जावयानं मागितली तर मानाची. म्हणजे माझा सगळा भार आला यांच्या एका वाक्यावर. आठवडाभर मी यांना पढवलं. सकाळी चहा देताना, संध्याकाळी भाजी निवडताना. सौंसरच्या बसमध्येही विचारलं, ‘काय म्हणाचं?’ हे म्हणाले, ‘बाबूजी, तो टेबलावरचा जांभळा दगड द्या.’ ‘अन् लाजाचं नाही.’ ‘नाही लाजत ना वं.’ पुढच्या सीटवरची बाई मागे वळून पाहायला लागली तेव्हा मी गप्प बसली.

बहीण आणि तिचा नवरा गाडीनं आले. लोधीखेड्यावरून फोन आला, ‘पोचूनच राहिलो,’ आणि बाबूजी काठी शोधायला उठले. मी तेव्हा ओसरीवर बसून त्यांच्याशीच बोलत होती. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

जेवणं झाली. पाटावर दोन्ही जावई बसले. आईनं दोघांसमोर तबकं ठेवली, अनारसे, दिवा, सगळं. बाबूजी खुर्चीत बसले होते. मी आणि बहीण दाराशी. बाबूजी मोठ्या जावयाकडे वळले, कारण मान पहिला मोठ्याचा. ‘बोला जवाईबुवा, काय देऊ?’

मी दारातूनच यांना खुणावलं.

आणि माझा नवरा, आठवडाभर पढवलेला माझा नवरा, हात जोडून म्हणाला, ‘काही नको बाबूजी. तुमचा आशीर्वाद हाये ना.’

बाबूजी म्हणाले, ‘अहो, असं नाही. मागा काही तरी.’ मी दारातून डोळे वटारले, पण यांनी मान खाली घातलेली. ‘नाही नाही, खरंच काही नको. देवाच्या दयेनं सगळं हाये.’

बाबूजी गणिताचे मास्तर. दोनदा विचारलं, दोनदा उत्तर एकच आलं, त्यांनी ते पक्कं धरलं. ‘बरं,’ म्हणाले आणि लहान्या जावयाकडे वळले. आणि तो साहेब क्षणाचाही विचार न करता म्हणाला, ‘बाबूजी, मला तो टेबलावरचा दगड पाहिजे. तुमची आठवण राहील घरात.’

बाबूजी हसले. मी त्यांना तसं हसताना फार कमी पाहिलंय, तोंडातले उरलेले सगळे दात दिसले. स्वतः उठले, टेबलापर्यंत गेले, दगड उचलून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्याच्या तबकात दिव्याशेजारी ठेवला. बहिणीनं आनंदानं माझा दंड दाबला. मी म्हटलं, ‘छान झालं.’ ते दोन शब्द माझ्या तोंडातून कसे निघाले ते माझं मला माहीत.

आईनं यांना शर्टपीस दिलं.

परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडलं. ‘तोंड देल्लं नाही का हो देवानं तुम्हाले? एक वाक्य! एक वाक्य बोलाले सांगितलं होतं!’ यांचं म्हणणं ऐका. ‘अवं, पयल्याच झटक्यात कसं मागू? जवाई माणूस मी. लोक काय म्हणतीन, टपूनच बसला होता? तीनदा इचारते ना जवायाले. तिसऱ्यांदा इचारलं असतं त म्हणणारच होतो.’

जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाचं दर्शन घेतलेली माणसं बसमध्ये चढली म्हणून मला आवाज खाली आणावा लागला. एका आजोबांनी आम्हाला दोघांना प्रसाद दिला. यांनी खाल्ला. मी कागदात बांधून पर्समध्ये टाकला. ‘तिसऱ्यांदा’ हा शब्द पुढे महिनाभर आमच्या घरात शिवीसारखा वापरला गेला. यांनी चहा मागितला की मी म्हणायची, तिसऱ्यांदा मागा.

त्यानंतर मी नागपूरला गेली, डोळ्याच्या तपासणीचं निमित्त करून. दगड ऑफिसात नव्हता, बहिणीनं हट्टानं घरीच ठेवून घेतला होता. शोकेसमध्ये, वरून पिवळा दिवा सोडलेला. मी म्हटलं, दाखव जरा. तिनं काढून दिला. मी सवयीनं आधी उलटा केला, आणि खाली काहीच नव्हतं. चिठ्ठीच्या जागी नुसता एक फिकट चौकोन.

‘चिठ्ठी कुठं गेली?’

‘तो कागद होय? अगं ताई, यांना कोणी सांगितलं, दुसऱ्याच्या घरातून आलेला स्फटिक मिठाच्या पाण्यात बुडवून शुद्ध करून घ्यायचा. रात्रभर ठेवला. कागद सुटूनच आला. बरं झालं, मळका होता.’

शुद्ध! बाबूजींच्या टेबलावरून आलेला दगड शुद्ध करून घेतला या दोघांनी! साहेबाच्या आजोबापासून कोणाच्या हातून सुटली नव्हती ती चिठ्ठी माझ्या बहिणीनं मिठाच्या पाण्याबरोबर मोरीत सोडली. मी ओरडणारच होती. पण तिनं दगड माझ्या हातातून घेतला, बाल्कनीत नेला, उन्हात धरला आणि म्हणाली, ‘पाय.’

निळा. तोच निळा. धुतल्यामुळे उलट जास्तच निळा, कारण बाबूजींच्या टेबलावर त्याला कधी पाणी लागलंच नव्हतं. काय सांगू, सुंदर दिसत होता मेला. माझ्या कपाटातल्या एकाही दगडाला तशी सर नाही.

‘आठवते ताई?’ बहीण म्हणाली. ‘बाबूजी दर रविवारी दाखवायचे मला. मी मांडीवर बसून राहायची. मी म्हणायची पुन्हा, अन् ते पुन्हा दाखवायचे. तुलाही दाखवत असतील ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘दाखवत होते ना.’

दर रविवारी. मांडीवर. मी तेव्हा होस्टेलला असेन, कॉलेजसाठी नागपूरला. मी घरी नव्हती आणि तिकडे रविवार चालू होते. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी मुद्दाम भरली वांगी केली होती. मी दोनदा वाढून घेतली आणि चवीचं काही आठवत नाही. चिठ्ठीवरून तर भांडता आलं असतं, पण रविवारावर काय भांडणार? ते तर कोणी माझ्याकडून हिसकावलेले नव्हते, माझे कधी नव्हतेच.

तरी मी काही संत नाही. चार दिवस धुसफुसत राहिली आणि शनिवारी सौंसरला जाऊन उभी राहिली, बहिणीची तक्रार करायला. या वयात! आई शेजारी गेली होती. बाबूजी टेबलाशी पेपर वाचत बसलेले, आणि पेपर उडू नये म्हणून त्यावर त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, ‘बाबूजी, तिनं चिठ्ठी काढून टाकली. मिठाच्या पाण्यात घातला तुमचा दगड.’

‘मंग?’ ते म्हणाले. ‘कागदच होता तो. जाऊ दे ना.’

‘जाऊ दे कसं? त्या चिठ्ठीशिवाय त्या दगडाला काही अर्थ नाही. जुना कशावरून म्हणणार आता? त्या दोघांना कळते का काही त्यातलं? मला पाहिजे होता तो. लहानपणापासून पाहिजे होता.’

बाबूजींनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं.

‘तुले?’ ते म्हणाले. ‘तुले कायले पाहिजे होता? तुह्याजवळ त कपाटभर हायेत. म्हणून त मीच तिले म्हटलं होतं फोनवर, तुह्या मालकाले माग म्हण. तिच्याजवळ एकबी नव्हता.’

म्हणजे माझ्या नवऱ्याला मी महिनाभर उगाच चहा तीनदा मागायला लावला. म्हणजे ते आधीच ठरलेलं होतं. मग माझं मलाच आवरलं नाही.

‘अन् ते कपाटभर कायच्यासाठी जमवले बाबूजी मी? तुमचा हा भेटत नव्हता म्हणून जमवले. त्या सगळ्या कपाटात तुमचा एक नाही. मले दुसरा कोणताच नको होता हो. तुम्ही जवळ बोलावून दाखवला होता मले एकदा, तो पाहिजे होता.’

माझा आवाज चढला होता, फुटलाही होता. एवढा हुशार गणिताचा मास्तर, सौंसरची अर्धी पोरं ज्यांच्या हाताखालून गेली, ते जणू पहिल्यांदाच एखादा हिशोब चुकल्यासारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांचा हात टेबलावर दगडाच्या जागी गेला, तिथे चष्म्याचं घर होतं, ते त्यांनी उगाचच सरळ केलं.

‘मले त वाटलं,’ ते हळू म्हणाले, ‘तुले दगडायचा शौक हाये.’